विलीनीकरणानंतर आयटी कंपनीचा शेअर कसा जोखायचा? (आकडेमोडीसह)

हिशेबनीस (धागाकर्ता)

दोन आयटी कंपन्या एक झाल्या की चर्चा दोन गोष्टींवर रंगते : रेशो (एकीच्या शेअरमागे दुसरीचे किती शेअर) काय आणि नवी कंपनी देशात कितव्या नंबरवर. नंबराने भागधारकाच्या पदरात काही पडत नाही. कंपनी दीडपट झाली आणि शेअरही दीडपट झाले, तर तुमचा वाटा होता तेवढाच राहिला. म्हणून इथे एकच शिस्त पाळू : प्रत्येक आकडा दर शेअरमागे काढायचा आणि विलीनीकरणाआधीच्या दर शेअरच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा. पुणेकरांना हा विषय घरचा आहे. टेक महिंद्रा-सत्यम आणि केपीआयटी-बिर्लासॉफ्ट या दोन्ही प्रकरणांत एक कंपनी इथलीच, आणि त्यांचे शेअर आजही अनेकांच्या डीमॅटमध्ये आहेत.

आधी एक मांडणी. आकडे सोयीसाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

'अ' कंपनी : १० कोटी शेअर, निव्वळ नफा ५०० कोटी, म्हणजे ईपीएस (दर शेअरमागे नफा) ५० रुपये. भाव १,२५०, पीई (भाव भागिले ईपीएस) २५.
'ब' कंपनी : ८ कोटी शेअर, नफा १६० कोटी, ईपीएस २०. भाव ४००, पीई २०.

'अ'ने 'ब'ला बाजारभावापेक्षा २५ टक्के चढा भाव दिला, म्हणजे शेअरला ५०० रुपये. ५०० भागिले १,२५० म्हणजे ०.४. 'ब'च्या दर १०० शेअरना 'अ'चे ४०. नवे शेअर ३.२ कोटी, एकूण १३.२ कोटी. एकत्र नफा ६६० कोटी. ६६० भागिले १३.२, बरोबर ५०. ईपीएस जागचा हलला नाही. कारण 'अ'ने २५ पीईचा आपला कागद (म्हणजे शेअर) दिला आणि समोरचा धंदाही २५ पटीलाच घेतला.

मग घोषणेच्या दिवशी 'अ'चा भाव का पडतो? दोघांचं बाजारमूल्य मिळवा : १२,५०० कोटी अधिक ३,२०० कोटी, एकूण १५,७०० कोटी. त्याला १३.२ कोटींनी भागा, १,१८९ रुपये येतात. 'अ'च्या भागधारकाचे शेअरमागे ६१ रुपये, सुमारे पाच टक्के, 'ब'च्या भागधारकाकडे गेले. चढ्या भावाचे ते ८०० कोटी कुणीतरी भरायचेच होते.

भाव पुन्हा १,२५० ला न्यायचा तर एकत्र कंपनीचं मूल्य १६,५०० कोटी व्हायला हवं. नव्या मिश्र पीईने, म्हणजे १५,७०० भागिले ६६०, सुमारे २३.८ पटीने ८०० कोटींना भागलं की ३४ कोटी येतात. म्हणजे करोत्तर ३४, करपूर्व सुमारे ४५ कोटींचा फायदा दरवर्षी आणि कायमचा दिसायला हवा. विलीनीकरणानंतरच्या प्रत्येक तिमाहीत मी हा एक आकडा डोळ्यांसमोर ठेवायला सांगेन. कंपनीच्या सादरीकरणात 'सिनर्जी' (एकत्र येण्याचा फायदा) हा शब्द किती वेळा आला याला महत्त्व नाही. चढ्या भावाची भरपाई व्हायला किती कोटी लागतात आणि त्यातले किती आले, एवढंच बघायचं.

चक्रवाढ

मांडणी पटली. एक जोड देतो. नुसता ईपीएस वाढला म्हणून व्यवहार चांगला ठरत नाही. वरच्या उदाहरणात 'अ'ने 'ब'ला ४०० लाच घेतलं असतं तर नवे शेअर २.५६ कोटी झाले असते आणि ईपीएस ५२.५ च्या आसपास गेला असता. धंद्यात काडीचा फरक नाही, तरी ईपीएस पाच टक्के वर. जास्त पीईवाल्याने कमी पीईवाल्याला शेअर देऊन घेतलं की हे आपोआप होतं. त्या वाढीला बाजार २५ पीई देईल असं धरणं हीच चूक. कमी वाढीचा धंदा आत आला की मिश्र पीई खालीच येतो.

रोखीने घेतलं तर हिशेब वेगळा. ४,००० कोटी रोख दिले असं समजा. त्या पैशावर ७ टक्के व्याज मिळत होतं, म्हणजे २८० कोटी, कर वजा जाता २१० कोटी. ते गेले, 'ब'चा १६० कोटी नफा आला. ५०० अधिक १६० वजा २१०, म्हणजे ४५० कोटी. शेअर १० कोटीच, ईपीएस ४५. रोखीने घेतल्यावर शेअर वाढत नाहीत हे खरं, पण आपल्या आयटी कंपन्यांच्या नफ्यात 'इतर उत्पन्न' म्हणून मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांवरची कमाई असते, आणि ती आटते. म्हणून खरेदीनंतर पहिल्या दोन तिमाहींत करपूर्व नफ्याआधी 'इतर उत्पन्न' ही ओळ वाचा.

जमाखर्च

हिशेबाच्या पद्धतीबद्दल लिहिते. इथे बहुतेकांची गल्लत होते.

विलीनीकरण एकाच प्रवर्तकाच्या दोन कंपन्यांचं असेल तर भारतीय लेखामानक १०३ च्या परिशिष्ट क प्रमाणे 'पूलिंग' पद्धत लागते. दोन्ही ताळेबंद पुस्तकी किमतीला जसेच्या तसे जोडायचे, नवं गुडविल (निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त दिलेली किंमत) नाही, आणि मागच्या वर्षाचे आकडेही जणू कंपन्या तेव्हापासून एकच होत्या असे मांडायचे. एल अँड टी समूहाच्या एलटीआय आणि माइंडट्री या दोन कंपन्यांचं असंच झालं, एकत्र कंपनी एलटीआयमाइंडट्री. तिथे वार्षिक वाढीची टक्केवारी वाचताना फसगत होत नाही, कारण दोन्ही बाजूंना दोन्ही कंपन्या आहेत. (माइंडट्री २०१९ मध्ये घेताना दिलेल्या चढ्या किमतीचं गुडविल एल अँड टीच्या एकत्रित ताळेबंदात आहे, म्हणून एलटीआयमाइंडट्रीच्या भांडवलावरच्या परताव्यात ती किंमत दिसत नाही. समूहाने पैसे कसे वापरले हे बघणाऱ्याने आई-कंपनीचा ताळेबंद उघडावा.)

परक्या कंपनीला घेतलं तर 'संपादन' पद्धत. तिथे 'ब' ताबा मिळाल्याच्या तारखेपासूनच महसुलात येते आणि मागच्या वर्षात नसते. त्यामुळे पहिल्या चार तिमाहींत वार्षिक वाढ फुगलेली दिसते. २२ टक्के वाढ म्हटलं आणि त्यातले १५ टक्के 'ब'मुळे असतील, तर स्वतःची वाढ ७. वार्षिक अहवालात व्यवसाय संयोगाची टीप असते. घेतलेल्या कंपनीने ताबा मिळाल्यापासून किती महसूल-नफा दिला आणि वर्षाच्या सुरुवातीपासून धरला असता तर किती झाला असता, दोन्ही आकडे तिथे द्यावे लागतात. तिमाही निकालात नसतील तर विश्लेषकांच्या कॉलचा लेखी मजकूर वाचा, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच.

आता हिशेबनीस यांच्याच उदाहरणात खरेदी किमतीची वाटणी करू. दिलेली किंमत ४,००० कोटी. 'ब'ची पुस्तकी निव्वळ मालमत्ता समजा ८०० कोटी. ग्राहक-संबंधांचं मूल्य मूल्यांककाने ९०० कोटी काढलं. त्यावर स्थगित कर दायित्व (पुढे हिशेबात येणारा कर) २२५ कोटी. उरलेलं गुडविल : ४,००० वजा ८०० वजा ९०० अधिक २२५, म्हणजे २,५२५ कोटी. ग्राहक-संबंध ९ वर्षांत समान हप्त्यांनी खर्ची टाकले तर वर्षाला १०० कोटी, कर जुळवून ७५. नफा ६६० वरून ५८५, ईपीएस ५० वरून ४४.३. यात एक रुपयाही बाहेर गेलेला नाही. म्हणून व्यवहारानंतर ईपीएस घसरला म्हणून घाबरू नका आणि कंपनीने दाखवलेल्या 'समायोजित' नफ्यावर डोळे झाकून विसंबूही नका. हा कर्जमाफीचा हप्ता लक्षात घेऊन दोन्ही आकडे स्वतः काढा, आणि शेवटी रोख प्रवाहाकडे जा.

वाटणी तात्पुरती असू शकते, ताबा घेतल्यापासून १२ महिन्यांपर्यंत ती बदलता येते. पहिल्या वर्षात गुडविलचा आकडा हलला तर लगेच संशय घेऊ नये, पण कशामुळे हलला ते टिपेत वाचावं.

जमाखर्च

दुरुस्ती : वर 'कर्जमाफीचा हप्ता' चुकून लिहिलं गेलं, 'ॲमॉर्टायझेशन' म्हणजेच ग्राहक-संबंधांची किंमत टप्प्याटप्प्याने खर्ची टाकण्याचा हप्ता असं वाचावं. प्रतिसाद आता संपादित होत नाही.

हिशेबनीस

जमाखर्च ताई, विलंबित मोबदल्याबद्दलही लिहा ना. प्रवर्तकांना तीन वर्षांनी कामगिरीवर पैसे, हा प्रकार छोट्या कंपन्या घेताना फार दिसतो.

जमाखर्च

त्यात एक महत्त्वाची रेघ आहे. विकणाऱ्याला पुढे मिळणारी रक्कम फक्त धंद्याच्या आकड्यांवर ठरत असेल तर ती खरेदी किमतीचा भाग. ताबा घेतानाच तिचा अंदाज दायित्व म्हणून धरतात. पण तीच रक्कम 'नोकरीत राहिलात तरच' अशी असेल तर लेखामानकाने ती किंमत राहत नाही, पगार ठरते आणि त्या वर्षांच्या कर्मचारी खर्चात जाते. दोन कंपन्या सारखीच खरेदी करतील आणि एकीचं मार्जिन दोन-तीन वर्षं दबलेलं दिसेल, त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

पहिल्या प्रकारात एक उलटी गंमतशीर नव्हे, तर गंभीर गोष्ट घडते. घेतलेला धंदा अपेक्षेपेक्षा वाईट चालला की द्यायची रक्कम कमी होते, दायित्व कमी होतं, आणि तो फरक नफ्यात जमा होतो. म्हणजे खरेदी फसली आणि त्या तिमाहीत नफा वाढला. 'इतर उत्पन्न' अचानक वाढलं तर ही टीप शोधायचीच.

गुडविलचं म्हणाल तर ते दरवर्षी खर्ची पडत नाही, त्याचं मूल्य घटलंय का हे फक्त वर्षातून एकदा तपासलं जातं. तपासणीच्या टिपेत तीन गोष्टी बघा : सवलत दर (पुढच्या कमाईची आजची किंमत काढायचा दर), दीर्घकालीन वाढीचा दर आणि अंदाज थोडा चुकला तर काय होईल याचं वाक्य. दीर्घकालीन वाढ मागच्या वर्षीपेक्षा वाढवली आणि धंदा मात्र मंदावलेला, तर घट पुढे ढकलली जातेय असं समजा. इन्फोसिसने २०१५ मध्ये २० कोटी डॉलरना पनाया घेतली. २०१८ मध्ये ती विक्रीला काढताना मूल्यात घट दाखवावी लागली. मोठ्या प्रमाणावर बघायचं तर मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनधंदा २०१४ मध्ये घेतला आणि २०१५ मध्ये त्यापोटी ७६० कोटी डॉलर खर्ची टाकले. एचपीने ऑटोनॉमीपोटी २०१२ मध्ये ८८० कोटी डॉलर. घट जाहीर होते तोवर भावाने ती बहुधा आधीच सोसलेली असते. म्हणून घटीची बातमी ही सूचना नव्हे, तिच्याआधीच्या दोन वर्षांच्या टिपा ही सूचना.

मुठाकाठ

खऱ्या कंपनीवर शेअरसंख्येचा हिशेब करून दाखवता येईल का? रेशोवरून नवी संख्या आणि प्रवर्तकाचा हिस्सा कसा निघतो ते.

हिशेबनीस

एलटीआय-माइंडट्री घेऊ. माइंडट्रीच्या १०० शेअरना एलटीआयचे ७३. एलटीआयचे शेअर सुमारे १७.५ कोटी, माइंडट्रीचे सुमारे १६.५ कोटी. १६.५ गुणिले ०.७३, नवे शेअर सुमारे १२ कोटी. एकूण साडेएकोणतीस कोटींच्या आसपास. एल अँड टीचा हिस्सा एलटीआयमध्ये सुमारे ७४ टक्के, माइंडट्रीत सुमारे ६१. (१७.५ चे ७४ टक्के १२.९५) अधिक (१२ चे ६१ टक्के ७.३२), मिळून २०.२७ कोटी. भागिले २९.५, म्हणजे ६८.७ टक्के. जाहीर झालेला आकडा ६८.७३. कागद-पेन्सिलीने एवढं जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर मधे काहीतरी आहे : उपकंपनीच्या हातातले शेअर, रद्द होणारे शेअर, ट्रस्ट किंवा कर्मचारी योजनेचे न वापरलेले पर्याय (ठरल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क).

टेक महिंद्रा-सत्यममध्ये हे 'मधलं काहीतरी' होतं. सत्यमच्या १७ शेअरना टेक महिंद्राचे २. सत्यममधला मोठा हिस्सा टेक महिंद्राच्या उपकंपनीच्या नावावर होता. त्यातल्या काही शेअरच्या बदल्यात आलेले नवे शेअर ट्रस्टकडे गेले. ईपीएस काढताना असे शेअर वगळतात, बाजारमूल्य काढताना लोक एकूण शेअर धरतात. एकाच कंपनीचे दोन संकेतस्थळांवर दोन पीई दिसण्याचं हे एक कारण.

सिंहगड_रोड

सत्यमचा विषय निघालाच आहे तर वारशाने येणाऱ्या दायित्वांबद्दल बोलू. महिंद्रा सत्यमच्या (टेक महिंद्राने घेतल्यावरचं सत्यमचं नाव) ताळेबंदात सुमारे १,२३० कोटींचं 'सस्पेन्स खातं' होतं. जुन्या व्यवस्थापनाच्या काळात ३७ कंपन्यांनी आपण दिल्याचा दावा केलेली ती रक्कम. जून २०१३ मध्ये विलीनीकरण झालं तसं ते टेक महिंद्राच्या ताळेबंदात आलं आणि त्याबद्दलची टीप पुढे अनेक वर्षं छापली जात राहिली. मिळून येणाऱ्या कंपनीचे खटले, करविवाद, दिलेल्या हमी हे सगळं योजनेतल्या एका कलमाने नव्या कंपनीवर येतं. म्हणून 'संभाव्य दायित्वे' ही टीप दोन्ही कंपन्यांच्या शेवटच्या स्वतंत्र अहवालांतून वाचायची. एकत्र अहवालात ती मोठ्या आकड्यांत विरघळते.

ही रक्कम किती मोठी हे ठरवायचा सोपा मार्ग : एकूण शेअरसंख्येने भागा. वरच्या 'अ-ब' कंपनीवर ३०० कोटींचा दावा असेल तर शेअरमागे २३ रुपये. ते पूर्ण गेले तरी १,१८९ च्या भावात २ टक्के. मग त्यावरून शेअर १५ टक्के पडला असेल तर बाजाराला पैशाची नव्हे, आणखी काही बाहेर येण्याची भीती आहे. या दोन भीती वेगळ्या मोजाव्यात.

बेंचवरून

ताळेबंद झाला, आता कामकाज. आयटी सेवा कंपनीत विकत घेतलेली वस्तू म्हणजे माणसं आणि करार. ती दोन्ही आपल्या पायांनी चालत निघून जाऊ शकतात.

पहिलं, ग्राहक-गटांचा तक्ता. कंपन्या १० लाख डॉलरवरचे किती ग्राहक, ५० लाखांवरचे किती, १ कोटीवरचे किती, असा तक्ता देतात. विलीनीकरणानंतर 'एक कोटी डॉलरवरचे ग्राहक वाढले' असं ठळक छापलं जातं. पण एकच बँक 'अ'ला ६० लाख डॉलर आणि 'ब'लाही ६० लाख डॉलर देत असेल, तर आधी ५० लाखांच्या गटात दोन नोंदी होत्या, आता एक, आणि एक कोटीच्या गटात एक नवी. कामात एका डॉलरची भर नाही. तक्ता विलीनीकरणाच्या पहिल्या एकत्रित तिमाहीपासूनच तुलनेला घ्या, त्याआधीचा नको.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. दोन पुरवठादार मुद्दाम ठेवणारा ग्राहक असतो. ते दोघे एक झाले की त्याच्या खरेदी विभागाला तिसरा हवा असतो, किंवा तो म्हणतो, आता एकत्र दर द्या. ही गळती लगेच दिसत नाही, करार नूतनीकरणाला आला की दिसते. हिशेबनीस यांच्या 'ब'चा महसूल १,२०० कोटी धरा. त्यातला ८ टक्के, ९६ कोटी गेला आणि त्यावरचं ढोबळ मार्जिन ३० टक्के असेल तर करपूर्व २९ कोटी गेले. भरपाईला लागणारे ४५ कोटी आता ७४ झाले. म्हणून मी पहिल्या १० ग्राहकांच्या महसुलाची टक्केवारी आणि रुपये दोन्ही लिहून ठेवतो. टक्केवारी घटली तर लोक 'विविधता वाढली' म्हणतात, पण पाया मोठा झाल्याने ती घटणारच होती. रुपये घटले का हा खरा प्रश्न.

दुसरं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण. ते मागच्या १२ महिन्यांचं देतात, त्यामुळे विलीनीकरणानंतर माणसं भराभर गेली तरी आकडा हळूहळू चढतो. बारा महिन्यांचा आकडा सलग दोन तिमाही अर्ध्या टक्क्याने वाढला, तर त्या तिमाहीतला वार्षिक दर त्याहून बराच वर गेलेला असतो. शिवाय दोन्ही कंपन्यांची व्याख्या वेगळी असू शकते : एक प्रशिक्षणार्थी वगळते, दुसरी नाही. त्यासोबत उपकंत्राटाचा खर्च बघा. माणसं गेली आणि काम मात्र द्यायचंय, तर बाहेरून माणसं आणावी लागतात, आणि ती ओळ महसुलाच्या टक्केवारीत वर जाते.

तिसरं, वसुलीचे दिवस. येणं रक्कम आणि बिल न केलेला महसूल दोन्ही धरून काढा. बिलिंगच्या दोन प्रणाली जोडताना बिलं उशिरा निघतात, एक-दोन तिमाही ५-७ दिवस वाढणं समजू शकतो. चौथ्या तिमाहीतही वाढ तशीच असेल तर तो जोडणीचा त्रास नाही, ग्राहक पैसे थांबवतोय किंवा महसूल आधीच धरला जातोय.

धागा व्यवस्थापन

वरच्या एका प्रतिसादातला परिच्छेद काढला आहे. एका सूचीबद्ध कंपनीच्या आतली, जाहीर न झालेली माहिती त्यात होती. सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहार नियमांनुसार अशी माहिती पुढे देणं आणि तिच्यावर व्यवहार करणं, दोन्ही गुन्हा आहे. अशा कंपनीत काम करणाऱ्यांनी फक्त जाहीर आकड्यांवर बोलावं, ही विनंती. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत ठरावीक कर्मचाऱ्यांची व्यवहार-खिडकी (कंपनीचे शेअर घेण्या-विकण्याची मुभा) बंद असते, हेही लक्षात असू द्या.

चक्रवाढ

मार्जिनबद्दल एक वेगळं मत. एलटीआयमाइंडट्रीची पहिली एकत्रित तिमाही ऑक्टोबर-डिसेंबर २०२२. महसूल सुमारे ८,६२० कोटी, निव्वळ नफा सुमारे १,००० कोटी, आणि मार्जिन आधीपेक्षा खाली. जोडणीचा खर्च त्यात होता, पण ही तिमाही तशीही नाताळच्या सुट्ट्यांमुळे कमी कामाच्या दिवसांची असते. विलीनीकरण ज्या तिमाहीत लागू होतं तिची ऋतुमानाची सवय आधी बघा, मगच दोष जोडणीला द्या.

आणि 'एकवेळचा खर्च' हा शब्द मी दोन तिमाही मान्य करतो. तिसऱ्यांदा आला की तो नेहमीचा खर्च समजून नफ्यातून वजा करतो.

बेंचवरून

दोन फार कडक आहेत. दोन ईआरपी (हिशेब-कामकाजाच्या संगणक) प्रणाली एक करायला, पदांच्या उतरंडी आणि पगारपट्टे जुळवायला वर्ष सहज जातं. मी चार तिमाही देईन, पण रक्कम आधी जाहीर केलेली असली पाहिजे. '९० कोटी लागतील' असं सांगून चार तिमाहींत ९५ लागले तर हरकत नाही. रक्कमच न सांगता दर तिमाहीला थोडं थोडं दाखवत गेले तर तुमचं म्हणणं बरोबर.

चक्रवाढ

आधी जाहीर केलेल्या रकमेची अट मान्य. मग चार.

सिंहगड_रोड

भावावर धंद्याबाहेरच्या गोष्टीही काम करतात. एलटीआयमाइंडट्री जुलै २०२३ मध्ये एचडीएफसीच्या जागी निफ्टी ५० मध्ये गेली आणि सप्टेंबर २०२४ अखेरीस बाहेर पडली. इंडेक्स फंडांची ती सक्तीची खरेदी-विक्री होती, कंपनीबद्दलचं मत नव्हे. तसंच 'ब'चे शेअर लाभांशासाठी किंवा छोटी कंपनी म्हणून धरलेले फंड नव्या कंपनीचे शेअर हातात पडले की विकतात. नवे शेअर सूचीबद्ध झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांचा भाव मी म्हणूनच निकालात धरत नाही.

लागणारा वेळही बघा. एलटीआय-माइंडट्री मे २०२२ मध्ये जाहीर, नोव्हेंबरमध्ये लागू. केपीआयटी-बिर्लासॉफ्ट जानेवारी २०१८ ते जानेवारी २०१९. टेक महिंद्रा-सत्यम मार्च २०१२ ते जून २०१३. शेअर बाजारांची हरकत-नाही पत्रं, स्पर्धा आयोग, भागधारक व धनकोंच्या सभा, मग न्यायाधिकरण किंवा त्याआधी उच्च न्यायालयं. या काळात कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसाला ग्राहक विचारतो, 'सहा महिन्यांनी माझं काम कोण बघणार?' म्हणून धंद्याचं खरं नुकसान लागू होण्याच्या तारखेआधीच झालेलं असू शकतं. तुलनेचा पाया घोषणेच्या आधीची तिमाही धरा, लागू झाल्याच्या आधीची धरलीत तर सुधारणा आयतीच दिसेल.

नेतृत्वाचंही तसंच. एलटीआयच्या प्रमुखांनी घोषणेच्या सुमारासच राजीनामा दिला आणि माइंडट्रीच्या प्रमुखांनी एकत्र कंपनी सांभाळली. वरचा माणूस ठरला की त्याखालच्या दोन थरांत कोण राहिलं हे विचारा. मोठ्या ग्राहकांशी रोजचं बोलणं त्या थरांचं असतं.

मुठाकाठ

व्यवहारी प्रश्न. माइंडट्रीचे शेअर होते, ॲपमध्ये नव्या शेअरचा खरेदी भाव शून्य दिसतो आणि तारीख नोव्हेंबर २०२२ ची. केपीआयटीचं तर एकाचे दोन झाले. विकताना कर कसा काढायचा?

जमाखर्च

ॲपला मूळ खरेदी माहीत नसते, जुना आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) वजा होऊन नवा जमा होतो एवढंच त्याला दिसतं. कराच्या दृष्टीने भारतीय कंपन्यांच्या अशा विलीनीकरणात शेअरची अदलाबदल ही विक्री नाही. मूळ किंमत पुढे चालू राहते आणि मूळ खरेदीची तारीखही.

५० माइंडट्री २,००० ने घेतले असं धरा, एकूण १,००,०००. ५० गुणिले ०.७३ म्हणजे ३६.५. शेअर ३६ मिळाले, अर्ध्याचे पैसे. एका नव्या शेअरची किंमत १,००,००० भागिले ३६.५, म्हणजे २,७३९.७३. ३६ शेअरची किंमत ९८,६३० आणि अर्ध्या शेअरची १,३७०. अपूर्णांक विश्वस्तामार्फत बाजारात विकले जातात आणि पैसे बँक खात्यात येतात. त्यातून १,३७० वजा करून भांडवली नफा त्याच वर्षी दाखवायचा, रक्कम किरकोळ असली तरी. पुढे ३६ विकताना माइंडट्रीच्या खरेदीपासून १२ महिने झाले असतील तर दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दर १२.५ टक्के, वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून. जुनी कंत्राटपत्रं जपून ठेवा आणि ॲपमध्ये भाव व तारीख हाताने भरा.

केपीआयटीत दोन पायऱ्या होत्या. बिर्लासॉफ्ट केपीआयटीत आली (बिर्लासॉफ्टच्या ९ शेअरना केपीआयटीचे २२), मग अभियांत्रिकीचा धंदा वेगळा होऊन दर एका शेअरला नव्या कंपनीचा एक. त्या नव्या कंपनीचं नाव केपीआयटी टेक्नॉलॉजीज झालं आणि जुन्या सूचीबद्ध कंपनीचं बिर्लासॉफ्ट. म्हणजे तुमचा जुना केपीआयटीचा शेअर आज बिर्लासॉफ्ट या नावाने दिसतो. जानेवारी २०१९ च्या नोंद-तारखेनंतर नवा शेअर एप्रिलमध्ये सूचीबद्ध झाला. मधल्या काळात अनेकांना खात्यात मोठा तोटा दिसला, तो निम्मी वस्तू पटावर नसल्यामुळे.

मूळ किंमत दोघांत वाटायची ती बाजारभावाच्या प्रमाणात नाही, वेगळ्या केलेल्या धंद्याच्या निव्वळ पुस्तकी मूल्याच्या प्रमाणात. टक्केवारी कंपनी भागधारकांना कळवते, शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर त्या काळच्या सूचनांत सापडते. समजा १०० शेअर २०० ने घेतले होते आणि टक्केवारी ६०-४० असती, तर एकाची किंमत १२,००० आणि दुसऱ्याची ८,०००. दोन्हींची तारीख मूळ खरेदीचीच.

मुठाकाठ

आणि कर्मचारी योजनेतले अजून न वापरलेले पर्याय असतील तर?

जमाखर्च

संख्या रेशोने गुणायची, वापर-किंमत रेशोने भागायची. ५०० रुपयांचे १,००० पर्याय ७३:१०० ला ६८४.९३ रुपयांचे ७३० होतात, दोन्हीकडे एकूण ५ लाखच. हक्क मिळण्याची जुनी तारीख सहसा चालू राहते, पण ते योजनेच्या मसुद्यात कर्मचारी पर्यायांच्या कलमात लिहिलेलं असतं, तिथे बघा. पर्याय वापरताना त्या दिवसाच्या बाजारभावातून ६८४.९३ वजा जाता उरेल तो फरक पगारात धरला जातो, आणि पुढे विकताना त्या दिवसाचा बाजारभाव हीच तुमची खरेदी किंमत.